दोन खिडक्या, दोन अनुक्रमांक: जिनिंगमधल्या एका फंक्शनच्या लेबलचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातली एक खासगी जिनिंग-प्रेसिंग. तालुक्याच्या गावाला मुख्य कारखाना, आजूबाजूच्या खेड्यांत काही संकलन केंद्रं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. डेटाबेस जसा वागला तसाच मांडला आहे.

काम साधं आहे. गाडी काट्यावर चढते, भरलेलं वजन होतं, कापूस खाली होतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं. मध्ये ओलावा मीटर लागतं. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव आणि त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात असा नियम आहे. इथे खासगी व्यवहारातही तोच हिशेब धरतात. मग पावती निघते आणि चुकारा शेतकऱ्याच्या खात्यात जातो. पावतीवर हंगामाचा अनुक्रमांक असतो. दर हंगामाला तो १ पासून सुरू होतो आणि पुढच्या हिशेबात सगळं त्या क्रमांकावरच शोधलं जातं.

कापसाचं वर्ष कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. जिनिंगचा हंगाम मात्र काटापूजनाच्या दिवशी सुरू होतो. तो कधी दसऱ्याला असतो, कधी परतीच्या पावसाने बोंडं भिजवली की आठवडाभर पुढे सरकतो. म्हणून मूळ प्रोग्रामरने तारीख कोडमध्ये न लिहिता 'हंगाम' नावाच्या छोट्या टेबलात ठेवली होती आणि ती वाचणारं एक फंक्शन (नाव घेतलं की उत्तर काढून देणारा डेटाबेसमधला छोटा कोड) लिहिलं होतं: चालू_हंगाम_सुरुवात(). त्याला एकही आर्ग्युमेंट (बाहेरून दिलेली किंमत) नाही, आत टेबल वाचणारा एक सिलेक्ट, उत्तरात एक तारीख. कल्पना चांगलीच होती. काट्याचं सॉफ्टवेअर, हिशेबाचे रिपोर्ट, शेतकऱ्यांना जाणारे मेसेज, मालकांची एक्सेल शीट, सगळे त्या एका फंक्शनवर टेकलेले.

डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल १४ (पुढे नुसतं पोस्टग्रेस). 'आवक' हे मोठं टेबल वर्षवार पार्टिशन केलेलं (वर्षागणिक तुकडे पाडलेलं), १ ऑक्टोबरला नवं पार्टिशन. त्यावर केंद्र आणि दिनांक या दोन कॉलमांचा इंडेक्स (ओळी झटकन शोधायची सूची). रचनेत नाव ठेवण्यासारखं फार नव्हतं.

पहिली अडचण: पावती निघत नाही

दिवाळीनंतर आवक वाढली की फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, पिकअप आणि बंड्यांची रांग लागते. अशा दिवसांत पावतीचं बटण दाबल्यावर आठ-दहा सेकंद लागायचे, गर्दीत त्याहून जास्त. "मुनीमजी, काहून टाइम लागून राह्यला?" "दम धरा भाऊ, कम्प्युटर फिरून राह्यला." हा संवाद इतक्यांदा व्हायचा की शेवटी मुनीमजी नुसताच हात वर करायचे.

बटणामागची क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) छोटी होती: या केंद्राची, चालू हंगामाच्या सुरुवातीपासूनची एकूण आवक आणि सर्वांत मोठा पावती क्रमांक. अट दोन भागांची. केंद्र अमुक, आणि दिनांक >= चालू_हंगाम_सुरुवात(). सर्वांत मोठा क्रमांक शोधून त्यात एक मिळवायचा ही पद्धत मला मुळातच पटत नाही, पण तिची चर्चा पुन्हा कधी.

प्लॅन (क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची याचा डेटाबेसने केलेला आराखडा) काढून पाहिला असता तर पहिल्या फटक्यात कळलं असतं. फंक्शनच्या स्वभावाबद्दल त्याला एक लेबल लावता येतं: व्होलाटाइल, स्टेबल किंवा इम्युटेबल. हे फंक्शन लिहिताना काहीच सांगितलं नव्हतं आणि पोस्टग्रेसमध्ये न सांगितलेलं फंक्शन व्होलाटाइल धरलं जातं. म्हणजे प्रत्येक हाकेला वेगळं उत्तर येऊ शकतं, रँडम किंवा नेक्स्टव्हॅलसारखं. अशा फंक्शनचं उत्तर आधी काढून ठेवायची प्लॅनरला (प्लॅन बनवणाऱ्या भागाला) परवानगी नसते. ते इंडेक्सच्या अटीत बसत नाही आणि त्याच्यावरून पार्टिशनही वगळता येत नाही. मग इंडेक्सची अर्धीच किल्ली चालली: केंद्र इंडेक्सने शोधलं, तारीख मात्र फिल्टरमध्ये, प्रत्येक ओळीवर, सगळ्या वर्षांच्या पार्टिशनमध्ये. मुख्य केंद्राच्या ओळी तीन-चार लाख. तेवढ्या वेळा पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये (फंक्शन ज्या भाषेत लिहिलं होतं तिच्यात) शिरायचं, 'हंगाम' टेबल वाचायचं आणि तीच तारीख घेऊन बाहेर यायचं.

पहिला उपाय, माझ्या आधीचा

सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रोग्रामरने इंडेक्स नव्याने बांधून पाहिला, फरक पडला नाही. एसएसडीचं (वेगवान डिस्कचं) कोटेशन आलं होतं. मग त्याला कुठेतरी लेबलांची माहिती मिळाली आणि त्याने फंक्शन इम्युटेबल करून टाकलं. एका ओळीचा आल्टर फंक्शन (लेबल बदलणारी आज्ञा). पावती डोळ्याची पापणी लवते न लवते तोच निघू लागली. कोटेशन फाइलला लागलं, मालक खूश. तो हंगाम झोकात पार पडला.

त्या एका शब्दाने काय बदललं हे इथे सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

क्वेरी चालवण्याआधी प्लॅनर तिच्यातल्या अभिव्यक्ती जमतील तेवढ्या सोप्या करून घेतो. २ + २ असं लिहिलं असेल तर ४ मांडतो. फंक्शन इम्युटेबल असेल आणि त्याला दिलेली सगळी आर्ग्युमेंट स्थिर असतील तर तो ते फंक्शन प्लॅन बनवतानाच एकदा चालवतो आणि त्याच्या जागी उत्तर ठेवून देतो. आपल्या फंक्शनला आर्ग्युमेंटच नव्हतं, त्यामुळे ही अट आपोआप पुरी झाली. प्लॅनमध्ये फंक्शनचं नाव उरलंच नाही, नुसती तारीख उरली. तारीख स्थिर मिळाल्यावर जुनी पार्टिशन तिथल्या तिथे गळाली आणि इंडेक्सचे दोन्ही कॉलम कामाला लागले. वेग आला तो इथून.

फंक्शनला करंट_डेट (आजची तारीख) दिली असती तर असं झालं नसतं. करंट_डेट स्टेबल आहे, प्लॅनरच्या लेखी ते स्थिर आर्ग्युमेंट नाही, म्हणून बाहेरचं फंक्शन इम्युटेबल असूनही तसंच राहिलं असतं.

लेबल खरं आहे का हे पोस्टग्रेस तपासत नाही. व्होलाटाइल नसलेल्या फंक्शनला टेबलात लिहू देत नाही, पण टेबल वाचायला मज्जाव करत नाही. आता असं समजा की जिनिंगचा आजचा भाव विचारायचा आहे. व्होलाटाइल म्हणजे प्रत्येक बोंडामागे मालकांना जाऊन विचारणं. स्टेबल म्हणजे गाडी काट्यावर चढली की विचारणं आणि ती खाली होईपर्यंत तोच भाव धरणं. इम्युटेबल म्हणजे भाव भिंतीवर ऑइलपेंटने रंगवणं. हंगामाची तारीख भिंतीवर रंगवली गेली होती.

दुसरी अडचण: काटापूजनाची सकाळ

२०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला होता. पूजनाची तयारी म्हणून पहिल्या खिडकीवरच्या मुलाने सकाळीच कम्प्युटर सुरू केला. स्क्रीनवर वरच्या पट्टीत हंगामाची एकूण आवक दिसते आणि ती पट्टी दर मिनिटाला ताजी होते. तासाभराने, नारळ फुटल्यावर, हिशेबनीस बाईंनी 'हंगाम' टेबलात नवी तारीख भरली. त्यानंतर दुसरी खिडकी उघडली.

दुसऱ्या खिडकीवरची पहिली पावती १ क्रमांकाची निघाली. पहिल्या खिडकीवर त्याच वेळी मागच्या हंगामाचा आकडा पुढे सरकत होता, पाच आकडी. दुपारपर्यंत दोन्ही खिडक्यांवरून पावत्या गेल्या आणि संध्याकाळी बाईंना जुळवणी लागेना. दुसऱ्या दिवशी दोन्ही कम्प्युटर नव्याने सुरू झाले आणि सगळं आपोआप बरोबर! प्रोग्रामर म्हणाला, बटण चुकीचं दाबलं असेल. मुलगा म्हणाला, "मी काहीच नाही केलं जी." मुलाचं बरोबर होतं.

मग पावसामुळे एका केंद्राची खरेदी लांबली, बाईंनी तारीख बदलली, आणि तोच प्रकार पुन्हा. या टप्प्यावर मला बोलावलं.

कारण शोधताना

'हंगाम' टेबल थेट वाचलं तर तारीख बरोबर. नव्या कनेक्शनवरून फंक्शन चालवलं तर तेही बरोबर. चूक फक्त आधीपासून उघड्या असलेल्या स्क्रीनवर. यावरून संशय प्लॅनवर गेला, डेटावर नाही.

खिडकीचं सॉफ्टवेअर जावामधलं. तिथला जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा दुवा) एकच विधान, म्हणजे तीच क्वेरी, पाच वेळा चाललं की ते सर्व्हरवर तयार स्वरूपात ठेवतो. सर्व्हर मग पहिल्या पाच वेळांना दिलेल्या केंद्राच्या किमतीनुसार ताजा प्लॅन करतो, आणि त्यानंतर सर्वसाधारण प्लॅन तेवढाच स्वस्त पडतो असं दिसलं तर तो एकदा बनवून जपून ठेवतो. दर मिनिटाला ताजी होणारी पट्टी हा टप्पा पंधरा मिनिटांच्या आत ओलांडते. त्या जपलेल्या प्लॅनमध्ये जुनी तारीख मुरलेली होती. 'हंगाम' टेबलात ओळ बदलल्याने तो प्लॅन बाद होण्याचं कारणच नव्हतं, कारण प्लॅनला ते टेबल माहीतच नाही. फंक्शन आधीच गळून गेलेलं.

आणखी एक गंमत. 'आवक' टेबलावर ऑटोव्हॅक्यूमने (पोस्टग्रेसच्या आपोआप चालणाऱ्या देखभालीने) ॲनलाइझ चालवलं, म्हणजे टेबलाची आकडेवारी नव्याने काढली, की त्या टेबलावरचे जपलेले प्लॅन बाद होतात आणि नवे बनताना ताजी तारीख येते. त्यामुळे चूक कधी दुपारी आपोआप नाहीशी व्हायची, कधी संध्याकाळपर्यंत टिकायची. बटणावर संशय जायला हे पुरेसं होतं.

दोन विंडोंत नुसतं पीएसक्यूएल (पोस्टग्रेसला थेट आज्ञा द्यायचा प्रोग्राम) उघडून हे करून पाहता येतं: एकीकडे विधान प्रिपेअर करून ते काही वेळा चालवायचं, दुसरीकडे तारीख बदलायची, पुन्हा पहिलीकडे चालवायचं. मालकांसमोर करून दाखवलं तेव्हा वाद संपला.

तोललेले पर्याय

पहिली सूचना प्रोग्रामरची: इम्युटेबल राहू द्या, फक्त प्लॅन_कॅश_मोड ही सेटिंग फोर्स_कस्टम_प्लॅन करा. पोस्टग्रेस १२ पासून ही सोय आहे आणि लक्षण त्याने नक्की गेलं असतं, कारण दर वेळी नवा प्लॅन, दर वेळी नवी तारीख. मी नको म्हटलं. खोटं लेबल तसंच राहिलं असतं आणि उद्या कुणी त्या फंक्शनवर आंशिक इंडेक्स (अटीत बसणाऱ्या ओळींपुरताच) बांधला असता. पोस्टग्रेस तो आनंदाने बांधू देतं. मग तारीख मागे घेतल्यावर मधल्या ओळी इंडेक्समध्ये नसतील, क्वेरीला त्या दिसणार नाहीत आणि कोणतीही एरर येणार नाही. नुसत्या जुन्या प्लॅनपेक्षा ते कैक पटींनी वाईट.

दुसरा पर्याय, तारीख आधी वेगळी वाचून पॅरामीटर म्हणून, म्हणजे क्वेरीला बाहेरून दिलेली किंमत म्हणून, पाठवायची. तांत्रिकदृष्ट्या हा मला सर्वांत आवडतो. पण चार ठिकाणचं कोड बदलायचं होतं, तेही आवक जोरात असताना, आणि एक्सेलची शीट कुणी बनवली हेच कुणाला आठवत नव्हतं.

तिसरा, फंक्शन स्टेबल करायचं. एका विधानाच्या आत त्याचं उत्तर बदलत नाही, पुढच्या विधानात बदलू शकतं: हे त्या फंक्शनचं खरं वर्णन आहे. इथे मालकांची भीती रास्त होती: पुन्हा दहा सेकंद लागले तर? फाटकाबाहेर रांग उभी असताना प्रयोग कोण करू देणार. म्हणून रात्रीच्या बॅकअपमधून वेगळ्या मशीनवर डेटाबेस उभा केला आणि तिथे लेबल बदललं.

प्लॅन बघण्यासारखा होता. तारीख फिल्टरमधून उठून केंद्राशेजारी इंडेक्स कंडिशनमध्ये गेली, आणि अपेंडखाली (पार्टिशन एकत्र जोडणाऱ्या पायरीखाली) 'सबप्लॅन्स रिमूव्ह्ड' अशी ओळ आली. जुनी पार्टिशन प्लॅन बनताना नव्हे, तर क्वेरी सुरू होतानाच्या क्षणी वगळली गेली. ही सोय पोस्टग्रेस ११ मध्ये, २०१८ साली आली. त्याआधीच्या आवृत्तीवर मला कदाचित दुसराच पर्याय घ्यावा लागला असता. अंदाजही बिघडले नाहीत, कारण किती ओळी येतील याचा अंदाज बांधण्यापुरतं प्लॅनर स्टेबल फंक्शन चालवून बघतो. फक्त ते उत्तर प्लॅनमध्ये कोरत नाही. वेळेत इम्युटेबल आणि स्टेबल यांच्यातला फरक हाताने मोजता येण्याजोगा नव्हता.

स्टेबलबद्दल एक गैरसमज मात्र सगळीकडे आढळतो, तो इथेही होता: स्टेबल म्हणजे पोस्टग्रेस उत्तर लक्षात ठेवतं. तसं काही नाही. इंडेक्सच्या अटीत किंवा पार्टिशन वगळताना ते मोजक्या वेळा चालतं; फिल्टरमध्ये राहिलं तर ओळीगणिक चालतंच. एक्सेलच्या क्वेरीत नेमकं तेच होत होतं. तिथे फंक्शन कंसातल्या सिलेक्टमध्ये गुंडाळलं, म्हणजे ते एकदाच चालून त्याचं उत्तर बाकीच्या क्वेरीला मिळतं.

केलेली कारवाई

रविवारी रात्री, काटा बंद झाल्यावर, लेबल बदललं आणि सगळी सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केली. जुने प्लॅन आपोआप जातील यावर विसंबायचं कारण नव्हतं. सोमवारी दिवसभर ट्रॅक_फंक्शन्स ही मोजणीची सेटिंग सुरू ठेवून फंक्शन किती वेळा चालतं ते पाहिलं. आकडा पावत्यांच्या पटीत होता, ओळींच्या नव्हे.

हात घातलाच होता म्हणून दुसरं फंक्शन पाहिलं: हंगाम_नाव(दिनांक), जे तारखेवरून '२०२३-२४' असं नाव देतं. मासिक रिपोर्ट त्याच्यावर गट पाडायचा आणि रखडायचा. हे फंक्शन एसक्यूएल भाषेत, एका ओळीचं, म्हणजे प्लॅनरने त्याचं अंग क्वेरीत उलगडून टाकायला हवं होतं. तो उलगडत नव्हता, आणि त्याला दोन कारणं होती. फंक्शन इम्युटेबल घोषित होतं पण आत टू_चार (तारखेचा मजकूर बनवणारं फंक्शन) होतं, जे स्टेबल आहे. घोषणेपेक्षा आतला माल कच्चा असेल तर प्लॅनर उलगडणं नाकारतो. दुसरं, कुणीतरी भर म्हणून स्ट्रिक्ट हे आणखी एक लेबल लावलं होतं. स्ट्रिक्टचा फायदा असा की आर्ग्युमेंट नल (रिकामं) दिसलं तर फंक्शन न चालवताच उत्तर नल धरता येतं. पण आत केस (अटीनुसार उत्तर निवडणारी रचना) होती, केस स्वतः स्ट्रिक्ट नाही, आणि उलगडल्यावर तो करार पाळला जाईल याची खात्री नसल्याने प्लॅनर पुन्हा मागे फिरतो. टू_चारच्या जागी एक्स्ट्रॅक्ट (तारखेतून वर्ष-महिना काढणारं) घेतलं, स्ट्रिक्ट काढलं. तारीख रिकामी असेल तर उत्तर तेव्हाही रिकामंच येत होतं, आताही येतं. एक्सप्लेन व्हर्बोसमध्ये (प्लॅन दाखवणाऱ्या आज्ञेत) फंक्शनच्या नावाऐवजी अख्खी केस दिसू लागली आणि पीजी_स्टॅट_यूजर_फंक्शन्स या मोजणीच्या यादीत त्या फंक्शनचा आकडा वाढायचा थांबला. तिथली मोजणी थांबणं हीच उलगडल्याची खूण.

एवढ्याने रिपोर्ट बराच हलका झाला, पण त्याच्या वेअरमधली (क्वेरीच्या अटींच्या भागातली) हंगाम_नाव(दिनांक) = '२०२३-२४' ही अट तरीही सगळी पार्टिशन चाळत होती. प्लॅनर अभिव्यक्ती उलगडतो, समीकरण सोडवत नाही. केसच्या पोटातून "म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत" हे तो काढणार नाही. ती अट हाताने दोन तारखांमध्ये लिहावी लागली.

निष्पत्ती

त्या हंगामात तारीख आणखी एकदा हलली, खिडक्या उघड्या असतानाच. दोन्हीकडे अनुक्रमांक बरोबर राहिले. वेग इम्युटेबलच्या काळाइतकाच राहिला.

पूजनाच्या दिवशीच्या चुकीच्या पावत्या बदलल्या नाहीत. प्रोग्रामर एका अपडेटने सगळे क्रमांक सरळ करून देतो म्हणत होता. हिशेबनीस बाईंनी अडवलं. कागद शेतकऱ्याच्या खिशात आहे, तो चुकाऱ्याला येईल तेव्हा कम्प्युटरवर वेगळा नंबर दिसला तर भांडण कोण मिटवणार? त्यांनी रजिस्टरमध्ये जुना आणि नवा क्रमांक समोरासमोर लिहिला आणि डेटाबेसमध्ये शेऱ्याचा कॉलम वाढवून घेतला. या प्रकरणातला मला सर्वांत शहाणा वाटलेला निर्णय हा, आणि त्याचा प्लॅनरशी काही संबंध नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वेळी प्लॅन काढून पाहिला असता तर इम्युटेबल आणि स्टेबल दोन्ही सारखाच वेग देतात हे त्याच दिवशी दिसलं असतं आणि धोक्याचं लेबल लावायचं कारणच उरलं नसतं. त्या वेळची कसोटी फक्त 'पावती झटकन निघते का' एवढीच होती. स्क्रीन उघडी ठेवून तारीख बदलून बघायची, ही चाचणी कुणाच्या यादीत नव्हती. आता ती आहे, दर वर्षी पूजनाच्या आदल्या दिवशी.

पावती क्रमांकासाठी केंद्र आणि हंगामागणिक वेगळी मोजणी ठेवायला हवी. मालकांनी पुढच्या हंगामाआधी करू म्हटलं आहे. काटा ॲपमध्ये तारीख पॅरामीटरने पाठवायचा बदलही तेव्हाच होईल.

शेवटी पीजी_प्रॉकमधून (पोस्टग्रेसच्या फंक्शनांच्या नोंदवहीतून) स्वतःच्या सगळ्या फंक्शनांची लेबलं काढली आणि इम्युटेबल लिहिलेलं प्रत्येक फंक्शन उघडून आत टेबल वाचतंय का ते पाहिलं. पीएल/पीजीएसक्यूएलसाठी पीएलपीजीएसक्यूएल_चेक हे एक्स्टेंशन लेबलाबद्दल इशारे देतं, तेही चालवलं. आणखी एक सापडलं: ओलाव्याची कपात काढणारं फंक्शन, इम्युटेबल, आणि कपातीचे दर टेबलातून वाचणारं. त्याला नेहमी कॉलमचीच किंमत दिली जात होती, म्हणून ते प्लॅनमध्ये कधी गोठलं नव्हतं. त्यालाही स्टेबल केलं.